काळ्या पट्ट्यांची गोष्ट : रुंद पडद्याचा सिनेमा घरात आला तेव्हा

गेल्या वर्षी उत्सवाच्या सातव्या रात्री आपल्या मंडळाने भाड्याच्या मोठ्या एलईडी पडद्यावर 'शोले' लावला होता. आरती झाली, खिरापत वाटून झाली, खुर्च्या भरल्या. चित्र सुरू झालं आणि पडद्याच्या वर आणि खाली एकेक काळा पट्टा दिसू लागला. लगेच मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, पडदा भरा की! एवढे पैसे दिलेत भाड्याचे!" यंत्रापाशी बसलेल्या मुलाने रिमोटवरचं एक बटण दाबलं. चित्र फुगलं, पट्टे गेले, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आपले एक ज्येष्ठ सभासद बसले होते. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी शहरातल्या एका थिएटरात प्रोजेक्टर चालवण्यात घालवली आहेत. ते हळूच म्हणाले, "पट्टे गेले हो, पण त्यांच्याबरोबर कडेचे घोडेही गेले."

त्यावरून पुढचे तीन दिवस मांडवात वाद चालला. पट्टे म्हणजे चित्र कापलं गेल्याची खूण, असं निम्म्यांचं म्हणणं. काकांचं म्हणणं नेमकं उलट. या वर्षीही एक रात्र सिनेमाची ठरली आहे आणि तोच प्रश्न कार्यकारिणीपुढे पुन्हा येणार आहे. म्हणून त्या पट्ट्यांचा इतिहास एकदा नीट सांगावा, असं वाटलं. जुना चित्रपट घरी पाहताना चित्र चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं, याचं उत्तरही त्याच इतिहासात आहे.

चौकोनी खिडकी आणि रुंद पडदा

बोलपट स्थिरावल्यापासून पुढची वीसेक वर्षं जगभरच्या सिनेमाची चौकट जवळजवळ एकच होती. उंची १ धरली तर रुंदी साधारण १.३७. पुढे दूरचित्रवाणी आली, तेव्हा तिची काच याच मापाच्या जवळ ठेवली गेली. चार भाग रुंद, तीन भाग उंच. म्हणजे टीव्हीने आपला आकार सिनेमाकडून घेतला. नंतर त्याच टीव्हीने अमेरिकेत सिनेमाचा प्रेक्षक पळवायला सुरुवात केली. घरात फुकट चित्र दिसतं, मग तिकीट काढायचं कशाला? यावर हॉलीवूडने उत्तर काढलं, की जे घरच्या डब्यात मावणारच नाही ते दाखवायचं.

३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'धिस इज सिनेरामा' लागला. तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालवून एका प्रचंड वक्र पडद्यावर तीन चित्रं शेजारी शेजारी जोडलेली. लोक चकित झाले, पण हा थाट फार खर्चिक होता आणि जोडाच्या रेघाही दिसत. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५३ मध्ये, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने 'द रोब' आणला आणि 'सिनेमास्कोप' हा शब्द जगभर झाला.

सिनेमास्कोपची युक्ती सोपी आणि सुरेख होती. हेन्री क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच एक भिंग तयार केलं होतं. ते चित्राची उंची तशीच ठेवून रुंदी निम्म्याने आवळायचं. चित्रीकरण करताना रुंद दृश्य नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर आवळून उतरवायचं आणि थिएटरात उलट्या भिंगातून ते पुन्हा पसरायचं. फिल्म तीच, प्रोजेक्टर तोच, फक्त भिंग नवं आणि पडदा रुंद. चित्राचं माप सुरुवातीला २.५५ होतं, नंतर ते २.३५वर स्थिरावलं. पहिल्या भिंगांत एक खोड होती. नट कॅमेऱ्याजवळ आला की त्याचा चेहरा मधोमध फुगलेला दिसे. तंत्रज्ञांनी त्याला नावच दिलं होतं, गालगुंड! पुढे पॅनाव्हिजनच्या भिंगांनी हा दोष घालवला. पण त्या काळातला चित्रपट आज पाहताना एखादी नायिका गालांत सुजलेली वाटली, तर दोष तबकडीचा नाही, मूळ भिंगाचा आहे. पारख करताना इतिहास माहीत हवा तो असा.

दुसरी वाट होती मोठ्या फिल्मची. १९५५च्या 'ओक्लाहोमा!'पासून टॉड-एओ पद्धत आली. चित्र ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर घ्यायचं आणि थिएटरसाठीची प्रत ७० मिलिमीटरची काढायची. वरचे पाच मिलिमीटर चुंबकीय ध्वनिपट्ट्यांसाठी. एका चौकटीचं क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या सुमारे साडेतीन पट. 'बेन-हर' (१९५९) आणि 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) या घराण्यातले. 'बेन-हर'ची रुंदी तर उंचीच्या २.७६ पट. रथांच्या शर्यतीत चार घोडे आणि मागचं मैदान त्या चौकटीत एकाच नजरेत मावतं.

आपल्याकडे

भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' (१९५९). कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा, आणि कलादिग्दर्शन आपले नामवंत चित्रकार एम. आर. आचरेकर यांचं. दोघांनाही त्या कामासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे मूर्तींना दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. त्या चित्रपटाचा विषयच सिनेमाचा स्टुडिओ. ओस पडलेला प्रचंड दालनवजा स्टुडिओ, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती आणि मधल्या अंधारातून तिरकी उतरलेली प्रकाशाची शलाका. ही शलाका मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरच्या उन्हातून आणली होती. दोन माणसांमधलं अंतर हाच तिथे आशय आहे, आणि ते अंतर रुंद चौकटीतच दिसतं. चित्रपट चालला नाही. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा कधी लावलं नाही.

७० मिलिमीटरचा पहिला हिंदी चित्रपट 'अराउंड द वर्ल्ड' (१९६७), आणि ते माप घरोघरी पोचवलं ते 'शोले'ने (१९७५). आपल्या भाग्यनगरीत तर या आकड्याला वेगळाच मान मिळाला. देवी ७० एमएम, संध्या ७० एमएम, सुदर्शन ७० एमएम, रामकृष्ण ७० एमएम. थिएटरच्या नावातच माप! देवळाच्या नावात गावाचं नाव असावं तसं. तेलुगू सिनेमातही 'अल्लूरी सीताराम राजू' (१९७४) हा पहिला सिनेमास्कोप आणि 'सिंहासनम' (१९८६) हा पहिला ७० एमएम, दोन्ही कृष्णा यांचे. आपल्या घरांतल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांनी यातलं काही ना काही आबिद्सला नाही तर क्रॉस रोड्सला पाहिलेलं असतं. काचीगुड्याहून चालत जाऊन रांगेत उभं राहिल्याच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. रुंद पडदा ही आपल्या पिढीची स्वतःची आठवण आहे. म्हणून तर आपण घरच्या चित्रावर इतकं सहज मत देतो. पण मधल्या तीस वर्षांत आपण काय पाहिलं, हेही आठवायला हवं.

टेपेचा काळ

दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी सिनेमा लागे. रुंद चित्रपट असला की एक गंमत व्हायची. सुरुवातीला नावं येत तेव्हा सगळी माणसं काडीसारखी उंच आणि किडकिडीत दिसत. नावं संपली की एकदम सगळ्यांच्या अंगावर मांस चढायचं. आम्ही मुलं त्यावर हसायचो. त्याचा अर्थ फार उशिरा कळला. नावं कापली जाऊ नयेत म्हणून तेवढ्यापुरतं आवळलेलं चित्र तसंच दाखवत. गोष्ट सुरू झाली की चित्र नीट पसरवून त्याचा मधला तुकडा तेवढा टीव्हीच्या काचेत बसवत.

हिशेब करून पाहा. २.३५ रुंदीच्या चित्रातून १.३३चा तुकडा घेतला तर ५७ टक्के चित्र उरतं, ४३ टक्के जातं. 'बेन-हर'मधून घेतला तर निम्म्याहून जास्त जातं. चार घोड्यांच्या रथातले दोनच घोडे दिसतात. चित्र सरकवायला एक माणूस बसवलेला असे. बोलणारा डावीकडे असला की चौकट डावीकडे, उजवीकडचा बोलला की उजवीकडे. दिग्दर्शकाने न हलवलेला कॅमेरा हा माणूस हलवत असे. एक बोलतो आणि दुसरा ऐकतो, अशा प्रसंगात ऐकणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकाला दिसतच नसे.

१९७५ मध्ये सोनीचा बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसीचा व्हीएचएस आला. आपल्याकडे १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. गणपतीच्या मांडवात पूर्वी १६ मिलिमीटरच्या यंत्रावर सिनेमे दाखवत. त्यांच्या जागी एका रात्रीच्या भाड्याने टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेट येऊ लागल्या. पहाटेपर्यंत जागून पाहिलेले ते सिनेमे कोण विसरेल? पण व्हीएचएसवर आडव्या रेषेत जेमतेम २४० तपशील मावत, आणि कॅसेट झिजलेली असे. रंग सांडल्यासारखे, कडा धूसर, आणि बाजू कापलेल्या. 'कागज़ के फूल' मी पहिल्यांदा असाच पाहिला. फार संथ वाटला. स्टुडिओतल्या त्या प्रसंगात चौकटीत एकच माणूस आणि पुढे नुसता अंधार. कशासाठी एवढं कौतुक करतात, असं मनात आलं, आणि ते मत मी वीस वर्षं बाळगलं. आचरेकरांच्या नेपथ्याचा बराचसा भाग मला दिसलाच नव्हता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

या कापाकापीविरुद्ध बोलणारेही होते. वुडी ॲलन यांनी 'मॅनहॅटन' (१९७९) रुंद चौकटीतच, वर-खाली पट्टे ठेवूनच व्हिडिओवर यावा, असा आग्रह धरला आणि तो मानला गेला. सिडनी पोलॅक यांचा 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर' डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीने बाजू कापून दाखवला, तेव्हा ते कोर्टात गेले. १९९७ मध्ये निकाल लागला. दावा तांत्रिक कारणावरून फेटाळला गेला, पण असं कापणं म्हणजे कलाकृतीची मोडतोड आहे, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली. म्हणजे काळे पट्टे हे कापल्याची खूण नव्हेत. चित्र न कापता आणल्याची ती पावती आहे. आपले काका मांडवात तेच सांगत होते.

तबकडी आली

पट्ट्यांची किंमत मात्र मोजावी लागे. आपल्या पॅल पद्धतीच्या टीव्हीवर चित्राच्या ५७६ रेषा. २.३५चं चित्र त्यात बसवलं की प्रत्यक्ष चित्राला उरत सव्वातीनशे, बाकीच्या पट्ट्यांत जात. टेपेवर ते आणखी अंधुक दिसे. म्हणून लोकांना पट्ट्यांचा राग आला असेल तर त्यातही तथ्य होतं.

मग व्हीसीडी आली. तिचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. हालचाल वाढली की चौकोनी ठोकळे उमटत. मध्यंतर नसतानाही तबकडी बदलायला उठावं लागे. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली आणि खरा फरक पडला. चांगल्या डीव्हीडीत सिनेमास्कोपचीच युक्ती वापरली होती. चित्र आवळून साठवायचं आणि रुंद टीव्हीवर पसरायचं. त्यामुळे त्याच २.३५च्या चित्राला सुमारे ४३५ रेषा मिळू लागल्या. २००६ मध्ये ब्लू-रे आली. १०८० रेषांपैकी चित्राला सुमारे ८१७. २०१६ पासून फोर-के तबकड्या आल्या आणि तो आकडा दुप्पट झाला.

इथे कोणीही विचारेल, की टीव्ही आता रुंद झाला, मग पट्टे अजून का? नव्या टीव्हीचं माप १६ला ९, म्हणजे १.७८. हे माप कुठून आलं? १९८४ मध्ये कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने प्रचलित मापांचे आयत एकावर एक ठेवून पाहिले आणि जुना चौकोनी टीव्ही आणि २.३५चा सिनेमा यांच्या मधलं माप काढलं. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, उत्तर १.७७ येतं. म्हणजे हे माप कोणत्याही एका चित्रपटाचं नाहीच, ती तडजोड आहे. तिच्यात रुंद चित्राला वर-खाली पट्टे येणार आणि जुन्या 'प्रभात'च्या चित्रपटाला डावी-उजवीकडे येणार. दोन्ही ठिकाणी ते बरोबरच आहेत.

आपल्या परिचयाची आणखी एक गोष्ट. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि पॅल पद्धतीचा टीव्ही २५ने. म्हणून चित्रपट तेवढा वेगाने पळवून तबकडीवर घेत. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटं आधी संपायचा. गाण्यांचा स्वरही चढायचा, पांढरी एकपासून काळी एकच्या वाटेवर अर्ध्याहून पुढे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे पटकन कळतं. तबकडीवरचं गाणं आणि जुनी रेकॉर्ड पेटीवर एकाच पट्टीत लागत नाही, ते काही वेळा याच कारणाने.

नितळ म्हणजे चांगलं?

ब्लू-रे आली आणि चित्र पारखण्याचा एक नवाच घोळ सुरू झाला. फिल्मवरचं चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांतून तयार होतं. रंगीत फिल्ममध्ये त्या कणांच्या जागी रंगाचे ठिपके उरतात. मोठ्या पडद्यावर ते बारीक रव्यासारखे हलताना दिसतात, त्यांनाच ग्रेन म्हणतात. डिजिटल चित्राला सवयलेल्या डोळ्यांना हा रवा म्हणजे घाण वाटते. मग संगणकाने तो पुसायचा. पण संगणकाला कण आणि कातडीवरची रोमरंध्रं यांतला फरक नेमका कळत नाही. कणांबरोबर सुरकुत्या, दाढीचे खुंट, कापडाचं विणकामही जातं. उरतो तो मेणाचा चेहरा.

याचं गाजलेलं उदाहरण 'पॅटन'. १९७०चा हा चित्रपट ६५ मिलिमीटरवर चित्रित झालेला, म्हणजे मुळातच तपशिलाने भरलेला. २००८ मध्ये त्याची ब्लू-रे आली तेव्हा अनेकांनी तोंड भरून स्तुती केली. किती स्वच्छ, काल काढल्यासारखा! मग जाणकारांनी नीट पाहिलं तर रणभूमीवरच्या सैनिकांचे चेहरे बाहुल्यांसारखे. टीका वाढली आणि २०१२ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्यात कण परत आले आणि त्यांच्याबरोबर माणसंही. पहिल्या नजरेला जे उजवं वाटलं ते दुसऱ्या नजरेला डावं ठरलं. पॉलिश मारलेला तांदूळ ताटात छान दिसतो, पण सत्त्व गेलेलं असतं, तसंच हे.

उलट बाजूचं उदाहरण 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. २२२ मिनिटांचा हा चित्रपट प्रदर्शनानंतर कापत कापत १८७ मिनिटांवर आणला गेला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट हॅरिस यांनी डबे धुंडाळून कापलेले तुकडे गोळा केले. काही तुकड्यांचा आवाज हरवला होता. पीटर ओ'टूल आणि ॲलेक गिनेस यांनी पंचवीसेक वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले. जॅक हॉकिन्स तोवर वारले होते, त्यांच्यासाठी दुसरा आवाज घ्यावा लागला. दिग्दर्शक डेव्हिड लीन स्वतः संकलनाला बसले आणि १९८९ मध्ये चित्रपट पुन्हा झळकला. पुढे २०१२ मध्ये निगेटिव्ह आठ-के इतक्या बारकाईने उतरवून घेतलं गेलं. तेव्हा दिसलं, की वाळवंटातल्या उष्णतेने फिल्मच्या थराला जागोजाग केसासारख्या चिरा पडल्या होत्या. त्या संगणकाने बुजवल्या. पण कण तसेच ठेवले. इजा बुजवली आणि पोत राखला. चांगल्या जीर्णोद्धाराची व्याख्या हीच, मग ते देऊळ असो की चित्रपट.

त्यात ओमर शरीफचा प्रवेश आहे. क्षितिजावरच्या मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो आणि हळूहळू उंटावरचा स्वार होतो. व्हीएचएसवर तो ठिपका बराच वेळ दिसतच नाही. विहिरीपाशी उभी असलेली दोन माणसं नुसती कशाकडे बघताहेत, असं वाटत राहतं. चांगल्या तबकडीवर ठिपका आधी दिसतो आणि भीती त्याच्या मागोमाग येते. स्पष्टतेचा उपयोग हा असा, गोष्ट कळण्यासाठी.

रंगाची साक्ष कोण देणार?

आकार मोजता येतो, रंग नाही. १९५०पासून वापरात आलेल्या ईस्टमनकलर फिल्मचे रंग काळाबरोबर उडतात. थिएटरच्या प्रतींत निळसर-हिरवा थर आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-तांबूस होतं. जुन्या प्रती पाहिलेले लोक म्हणतात, "तेव्हाचा रंग असाच होता." तसा तो नव्हता. तो उडालेला रंग होता. उलट टेक्निकलरच्या शाईछाप पद्धतीच्या प्रती अजून तशाच राहिल्या आहेत आणि जाणकार त्यांनाच साक्षीदार मानतात.

मग आपल्या आठवणीला साक्षीदार मानायचं का? दिग्दर्शक आणि छायालेखकांचीही मतं बदलतात. 'अपोकॅलिप्स नाऊ'चे छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांनी सगळ्या चित्रपटांना २ला १ हे एकच माप असावं, अशी कल्पना मांडली आणि डीव्हीडीवर आपलाच रुंद चित्रपट त्या मापात कापून दिला. २०१०च्या ब्लू-रेवर मूळ २.३५ परत आलं. ज्याने चित्र काढलं त्यालाही पुढे ते वेगळं हवंसं वाटू शकतं. म्हणून प्रश्न असा विचारावा, की प्रदर्शनाच्या दिवशी थिएटरात काय दिसत होतं?

'शोले'चं कोडं

आता परत आपल्या मांडवात येऊ. 'शोले' ७० एमएममध्ये दाखवला गेला, पण चित्रीकरण झालं होतं ३५ मिलिमीटरवर. ७० मिलिमीटरचे कॅमेरे परवडण्यासारखे नव्हते. मूळ चौकट जवळजवळ चौकोनी. तिच्यातला वरचा-खालचा भाग सोडून २.२० रुंदीचा पट्टा मोठा करून ७० मिलिमीटरची प्रत काढली. त्यामुळे या चित्रपटाच्या बाबतीत चौकोनी टीव्हीवर चित्र कमी दिसण्याऐवजी जास्तही दाखवता येत होतं, वर आकाश आणि खाली जमीन. 'जिथे चित्र जास्त तीच प्रत खरी' असा सरधोपट नियम इथे फसतो. जास्तीचं ते चित्र कोणी प्रेक्षकासाठी रचलेलं नव्हतं. खडकांच्या मध्ये गब्बर किती लहान दिसावा, दोन मित्रांमध्ये किती जागा असावी, हे रुंद पट्ट्यातच ठरलेलं होतं.

आणि गेल्या वर्षी आपण काय केलं? पट्ट्यांसह आलेलं २.२०चं चित्र फुगवून १.७८मध्ये भरलं. वर-खाली काही मिळालं नाही, आणि दोन्ही बाजू मिळून जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. काकांचे घोडे त्यात होते.

या चित्रपटाचं मूळ निगेटिव्ह खराब झालं होतं आणि ७० एमएमची एकही प्रत उरली नव्हती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मुंबई आणि लंडनमधून मिळालेल्या मधल्या टप्प्याच्या प्रतींवरून तो उभा केला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात, उघड्या आभाळाखाली, २.२० याच मापात आणि १९७५ मध्ये सेन्सॉरने बदलायला लावलेल्या मूळ शेवटासह तो दाखवला गेला. पन्नास वर्षांत देशातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाची ही अवस्था, तर बाकीच्यांचं काय? पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते भरलं. तरी जानेवारी २००३च्या आगीत तिथल्या कितीतरी जुन्या नायट्रेट फिल्म गेल्या. ॲसिटेटच्या फिल्मना दमट हवेत व्हिनेगरचा वास सुटतो आणि त्या आक्रसून जातात. जे राहिलं ते निदान आहे तसं पाहणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

घरी पारखताना

इतिहासातून निघणाऱ्या खुणा थोडक्यात सांगतो. आधी आकार पाहा. गाडीचं चाक, ताट, पौर्णिमेचा चंद्र गोल दिसतो ना? अंडाकृती असेल तर चित्र ताणलेलं आहे. मग कडा पाहा. बोलणाऱ्याचं नाक चौकटीला टेकलं असेल, कोणी चौकटीबाहेरच्या माणसाशी सतत बोलत असेल, तर बाजू कापल्या आहेत. त्यानंतर म्हाताऱ्या नटाचा चेहरा पाहा. सुरकुत्या दिसतात का? कोटाचं कापड लोकरीचं की सुती, हे कळतं का? आकाशापुढच्या माणसाभोवती पांढरी किनार दिसली, तर चित्र खोटं धारदार केलेलं आहे. रंगासाठी पांढरं धोतर आणि माणसाची कातडी पाहा, झगमगीत साड्या नव्हे. शेवटी अंधार पाहा. रात्रीच्या दृश्यात काळ्यातही काही दिसायला हवं.

आणि तबकडीला दोष देण्याआधी आपल्या टीव्हीकडे पाहा. दुकानात ठेवलेला 'व्हिव्हिड' रंग, शार्पनेस आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय या तिन्हींमुळे जुना चित्रपट रोजच्या मालिकेसारखा दिसतो. २०२० पासून अनेक टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' आला आहे. तो नसेल तर 'सिनेमा' निवडा. पहिली दहा मिनिटं चित्र मळकट वाटेल. मग डोळे बसतात.

मागच्या दिवाळीत मी 'कागज़ के फूल' पुन्हा पाहिला, पूर्ण रुंदीत. स्टुडिओतला तो प्रसंग आला. या टोकाला तो, त्या टोकाला ती, मधे मूर्तींचं ऊन. वीस वर्षं ज्या चित्रपटाला मी संथ म्हणत होतो, तो मी पाहिलाच नव्हता. माझं मत त्या चित्रपटाविषयी नव्हतंच, एका झिजलेल्या कॅसेटविषयी होतं. असे आणखी किती चित्रपट आपण न पाहता निकालात काढले असतील?

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती आहे. या वर्षी चित्र आहे तसं लावावं. रिमोट काकांच्या हाती द्यावा. पट्टे दिसले तर दिसू देत. मागच्या रांगेतून हाक आलीच, तर हा लेख वाचलेल्या कोणीतरी वळून एवढंच सांगावं, "पडदा भरलेलाच आहे, सगळे घोडे आत आहेत."